दादींची मराठी आणि हेडसेटमधली इंग्रजी

पोस्ट लांब आहे. लोकलमध्ये उभ्याने वाचायला जड जाईल, पण रविवारी चहासोबत वाचा.

गेल्या महिन्यात उल्हासनगरातल्या एका इंग्रजी शाळेच्या प्रदर्शनाला गेले होते. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका शाळेचा नाही. एका वर्गाबाहेर पालकांची ही मोठी रांग. आत सहा काळे हेडसेट मांडलेले. डोळ्यांना लावायचे, कानांवर आवाज येतो आणि आपण थेट परदेशी विमानतळावर! काउंटरमागची बाई इंग्रजीत विचारते, पासपोर्ट दाखवा, किती दिवस राहणार, सामानात काय आहे. आपण इंग्रजीतच उत्तर द्यायचं. चुकलं तर ती रागावत नाही, पुन्हा विचारते. बाहेर आलेलं प्रत्येक पोर खूश होतं.

माझा नंबर आला. मी मुद्दाम एक-दोन उत्तरं वाकडी दिली. ‘सामानात काय आहे’ या प्रश्नाला ‘कोथिंबीर’ म्हणाले. बाई हसतमुखाने ‘व्हेरी गुड’ म्हणून पुढच्या प्रश्नावर गेली.

बाहेर आल्यावर शिकवणाऱ्या सरांना विचारलं, यात मराठी आहे का? ते म्हणाले, नाही. सिंधी? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी हेडसेटमध्ये वरणभात मागितलाय.

त्या रांगेत एक मुलगी होती. तिचे वडील १९९४ साली माझ्या शिकवणीचे पहिले विद्यार्थी. मी अंबरनाथची, आता बदलापूरला राहते. पण पंधरा वर्षं उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये सिंधी मुलांना मराठीच्या शिकवण्या दिल्या. या मुलीची पणजी म्हणजे आमच्या दादी. नव्वदीला टेकल्यात. त्यांना सिंधी येतं, मराठी येतं, कामापुरती हिंदी येते. पणतीला इंग्रजी येतं, हिंदी येते, मराठी परीक्षेपुरती येते. सिंधी येत नाही. एकाच घरात दोघी राहतात आणि बोलतात त्या दोघींनाही अर्धवट येणाऱ्या हिंदीत.

घरी आल्यावर हे डोक्यातून जाईना. परकी भाषा शिकायला माणसाला ‘त्या जागी’ नेऊन उभं करायचं, ही त्या यंत्रामागची कल्पना. पण आपलं हे गाव पंचाहत्तरहून जास्त वर्षं नेमकं हेच करत आलंय. हेडसेट न लावता.

जरा मागे जाऊ.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. युद्ध संपलं, सैनिक गेले, बराकी रिकाम्या पडल्या. मग फाळणी झाली. कराचीहून जहाजं भरभरून सिंधी कुटुंबं मुंबईला उतरली आणि त्यातली सुमारे एक लाख माणसं या कल्याण कॅम्पात येऊन राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी इथे नव्या वसाहतीची पायाभरणी केली आणि उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. कॅम्प एक ते पाच आणि बराकींचे नंबर मात्र लोकांच्या तोंडात राहिले ते आजतागायत. उल्हासनगर स्टेशन झालं १९५५ मध्ये.

दादी सक्करच्या. सिंधू नदीच्या काठचं गाव. कॅम्पात आल्या तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. एकेका बराकीत कितीतरी कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे नाहीतर जुन्या साड्यांचे पडदे. पडद्यापलीकडे कोण काय बोलतंय ते सगळं ऐकू यायचं. शाळेचा पत्ता नव्हता. पण दादी म्हणतात, ‘मराठी मला कुणी शिकवली नाही, मला पाणी पाहिजे होतं.’

हे वाक्य मी तीस वर्षांत कितीदा ऐकलं असेल. सुरुवातीला गंमत वाटायची. नंतर लक्षात आलं की भाषाशिक्षणावर मी वाचलेल्या अर्ध्या पुस्तकांत एवढंच म्हटलंय.

आजूबाजूची गावं आगरी-कोळ्यांची. आगरी बायका डोक्यावर भाजी घेऊन कॅम्पात यायच्या. त्यांना सिंधी येत नव्हतं, यांना मराठी येत नव्हतं, आणि हिंदी दोन्हीकडे बेताचीच. पण पाणी, भाजी, दूध, लाकूडफाटा यांचे व्यवहार रोजचे. दादींच्या आईने बोट दाखवायचं, भाजीवालीने नाव सांगायचं, किंमत बोटांवर मोजायची. सिंधीत आकडे हिकु, ॿ, टे, चारि, पंज. मराठीत एक, दोन, तीन, चार, पाच. चारच्या आसपास दोघींची गाडी जुळायची, आणि मग हसणं.

आणि मग लागायचे ते शोध. सिंधीत ‘हे काय आहे’ कसं विचारतात माहितीये? ‘हीउ छा आहे?’ शेवटचं ‘आहे’ जसंच्या तसं! हिंदीत ‘है’, गुजरातीत ‘छे’, पण सिंधीत आणि मराठीत ‘आहे’. पाणीसुद्धा तसंच. हिंदीत ‘पानी’, सिंधीत मात्र आपल्यासारखा ण घेऊन ‘पाणी’. गंमत अशी की भाजीवाली आगरी मावशी म्हणायची ‘पानी’. म्हणजे सिंधमधून आलेल्या दहा वर्षांच्या मुलीचा ण इथल्या मातीतल्या बाईपेक्षा पुस्तकाच्या जवळचा होता.

एक शब्द मात्र घोटाळा करायचा. सिंधीत ‘मूंखे पाणी खपे’ म्हणजे मला पाणी हवं. आपल्याकडे ‘खपलं’ म्हणजे विकून संपलं. दादींची आई म्हणायची ‘खपे, खपे’ आणि दूधवाला समजायचा, संपलं म्हणतेय, मग कशाला थांबा, आणि पुढे निघून जायचा. एकदा दादी त्याच्यामागे धावल्या आणि ओरडल्या, ‘पायजे! पायजे!’ हा त्यांचा मराठीतला पहिला शब्द. चुकला असता तर त्या दिवशी घरात दूध नसतं.

आता यात आणि त्या हेडसेटमधल्या बाईत फरक काय? हेडसेटमधल्या बाईला तुमच्याकडून काहीच नको असतं. तुम्ही कोथिंबीर म्हणा नाहीतर पासपोर्ट म्हणा, तिचा दिवस तसाच जातो. दूधवाल्याला दूध विकायचं होतं. दादींना दूध हवं होतं. दोघांचं एकमेकांवाचून अडलं होतं, म्हणून दोघांनीही कान लावून ऐकलं.

पण यंत्राला नावं ठेवून थांबणं सोपं आहे, आणि ते अन्यायाचंही होईल. कारण ‘त्या जागी नेऊन भाषा शिकवायची’ ही इच्छा फार जुनी आहे आणि तिच्यामागे बरेच शहाणे लोक लागलेत.

१६५८ साली कोमेनियस नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने मुलांसाठी चित्रांचं पुस्तक काढलं. बेकरी, शेत, जहाज अशी चित्रं, त्यातल्या वस्तूंना आकडे आणि बाजूला त्यांची लॅटिन आणि जर्मन नावं. शब्द पाठ करू नका, वस्तू बघा आणि नाव घ्या. आज फोनचा कॅमेरा वस्तूवर धरला की तिच्यावर शब्द उमटतो, त्याचा हा पणजोबा.

आपल्या मराठीचंच घ्या. १८०५ मध्ये श्रीरामपूरच्या विल्यम केरीने इंग्रजांसाठी मराठीचं व्याकरण छापलं. ते श्रीरामपूर म्हणजे बंगालमधलं सेरामपूर, आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे. त्या व्याकरणाला त्याने रोजच्या विषयांवरचे संवाद जोडले. का? तर नुसत्या विभक्ती पाठ करून नोकराशी, दुकानदाराशी बोलता येत नाही, हे त्याला कळलं होतं. कलकत्त्यात बसलेल्या साहेबाला कागदावरच मराठी मुलखात नेऊन सोडायचा तो प्रयत्न होता.

१८७८ मध्ये अमेरिकेत बर्लिट्झ नावाच्या मास्तरांनी भाषेची शाळा काढली. ते आजारी पडले, आणि वर्ग सांभाळायला आलेल्या फ्रेंच सहकाऱ्याला इंग्रजीचं अक्षरही येत नव्हतं. त्याने खुणा करून, वस्तू दाखवून, फ्रेंचमध्येच बोलून वर्ग चालवला. बर्लिट्झ बरे होऊन परत आले तर मुलं फ्रेंचमध्ये बोलतायत, असं सांगतात. पुढे जगभर गेलेली ‘भाषांतर न करता शिकवा’ ही पद्धत त्या घटनेवरून सुचली म्हणे. आमच्या भाजीवाल्या मावशीला हे कुणी सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग दुसरं काय करणार?

यंत्राची बाजूही थोडक्यात. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दाखवली की सपाट चित्राला खोली येते, हे व्हीटस्टनने १८३८ मध्येच दाखवलं होतं. जत्रेत डोळे लावून बघायच्या पेटीची मजा आपल्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँडने डोक्यावर लावायचा संगणकी पडदा बनवला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. मान वळवली की चित्रही वळतं, ही आजच्या हेडसेटची जादू तिथली. २०१४ मध्ये गूगलने पुठ्ठ्याचा चष्मा काढला, त्यात फोन अडकवला की झालं. त्यावर शाळांसाठी ‘एक्स्पिडिशन्स’ नावाच्या सहलीही निघाल्या, मुलं वर्गात बसून जगभर फिरली. जून २०२१ मध्ये कंपनीने ते बंदही करून टाकलं.

हे शेवटचं वाक्य खरेदी करणाऱ्या प्रत्येक शाळेने आणि पालिकेने भिंतीवर लिहून ठेवावं. बराक पंचाहत्तर वर्षं टिकली. ते ॲप सात वर्षंही टिकलं नाही.

आता गोष्टीची दुसरी बाजू. ती सांगताना मला जरा वाईट वाटतं.

उल्हासनगरबद्दल आपण मराठी लोक एक प्रश्न नेहमी विचारतो. ‘इतकी वर्षं झाली, सिंधी लोकांना मराठी येतं का?’ हा प्रश्न मीही विचारलाय. पण उलटा प्रश्न कधी विचारला का? आपल्याला सिंधी येतं का? ‘साईं’ सोडून एक तरी शब्द?

आपल्यातल्या एकाला येत होतं. इंग्रजांच्या राज्यात १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. म्हणजे ठाणे आणि सक्कर एकाच सरकारात. त्या काळात नारायण जगन्नाथ वैद्य नावाचे गृहस्थ सिंधमध्ये शिक्षण खात्यात डेप्युटी इन्स्पेक्टर होते. सिंधी व्यापाऱ्यांच्या वहीखात्यांत जी खुदाबादी लिपी चालायची, तिला शाळेत शिकवता येईल असं नीट रूप देण्याचं काम १८६८ च्या सुमारास त्यांच्याकडे होतं. कराचीत १८५५ साली सुरू झालेली सरकारी शाळा आजही त्यांच्या नावाने, एन. जे. व्ही. म्हणून, उभी आहे. फाळणी झाली, देश बदलला, नाव राहिलं. दुसऱ्याची भाषा शिकून तिची सेवा करणाऱ्या या माणसाचं नाव मला वयाची चाळिशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं, आणि मी तर भाषा शिकवत होते.

सिंधीची लिपी हे मोठं दुखणं. १८५३ मध्ये सरकारने अरबी धाटणीची ५२ अक्षरांची लिपी ठरवली होती. दादींच्या वडिलांची पत्रं तिच्यातच. भारतात आल्यावर सरकारने देवनागरी सुचवली, त्यावर समाजात जोरदार वाद झाला, शेवटी दोन्ही लिप्या मान्य झाल्या. म्हणजे आजोबा एका लिपीत लिहिणार, नातू दुसऱ्या लिपीत शिकणार, आणि पणतू इंग्रजीत. १० एप्रिल १९६७ रोजी सिंधी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. स्वतःचं राज्य नसलेल्या भाषेला मिळालेला हा मोठा मान होता. पण मानाने घरात भाषा बोलली जात नाही. सिंधी माध्यमाच्या शाळा एकेक करून रिकाम्या होत गेल्या. २०११ च्या जनगणनेत देशभरात सिंधी मातृभाषा सांगणारे सुमारे २७ लाख ७२ हजार निघाले, तेही कच्छी धरून.

काय जातंय ते एका उदाहरणात सांगते. सिंधीत चार आवाज असे आहेत, जे मराठीत नाहीत, हिंदीत नाहीत: ॻ, ॼ, ॾ, ॿ. आपला ब म्हणताना हवा बाहेर येते. सिंधी ॿ म्हणताना घसा खाली जातो आणि हवा किंचित आत ओढली जाते. गाव म्हणजे ‘ॻोठु’, दहा म्हणजे ‘ॾह’, आणि जीभ म्हणजे ‘ॼिभ’. जिभेचं नावच आपल्या जिभेला येत नाही. ही अक्षरं देवनागरीच्या संगणकी संचात २००६ मध्ये आली, पण तोंडात येण्यासाठी ऐकवणारं माणूसच लागतं. दादी म्हणतात ‘ॿेड़ी’, म्हणजे होडी. पणती म्हणते ‘बेडी’. मराठीत त्याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला माहीतच आहे.

आणि मराठीचं काय? इथे मी माझ्याच चुकीपासून सुरुवात करते.

१९९४ च्या त्या पहिल्या आठवड्यात मी सातवीतल्या मुलाला शिकवत होते आणि दादी पलीकडे पापड लाटत ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, ‘टीचर, गारी आली का वेळेवर?’ मी म्हणाले, ‘दादी, गारी नाही, गाडी. डोला नाही, डोळा.’ त्या गप्प झाल्या. पुढे महिनाभर माझ्याशी मराठीत बोलल्याच नाहीत, हिंदीत बोलायच्या. ज्या आगरी बायकांनी त्यांना दूध, पाणी आणि शब्द दिले, त्यांची बोली होती ती. माझ्या पुस्तकी कानाला ती चूक वाटली. चाळीस वर्षं बिनधास्त बोलणाऱ्या बाईला मी एका वाक्यात गप्प केलं. नंतर माफी मागितली तेव्हा हसल्या आणि म्हणाल्या, ‘आता तूच सांग, बरोबर कुणाची? तुझी की मावशीची?’ याचं उत्तर मी आजही शोधतेय.

भाषा शिकताना माणसाला व्याकरणाची भीती नसते, हसं होण्याची असते. आणि हेडसेटची खरी ताकद इथे आहे, हे मला मान्य करायला हवं. यंत्र हसत नाही. लाजाळू मूल तिथे दहादा चुकू शकतं. माझ्या विद्यार्थ्यांना ळ यायचा नाही. ‘अभ्यास केला’ आणि ‘केळं खाल्लं’ यात त्यांची त्रेधा उडायची, आणि वर्ग हसला की ते पुढचे दोन महिने तोंड उघडत नसत. त्यांना तेव्हा असं न हसणारं कुणीतरी मिळालं असतं तर बरं झालं असतं.

पण सराव झाल्यावर बाहेर पडून बोलायचं कुणाशी? २०२० मध्ये राज्याने कायदा केला, सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची, न शिकवल्यास एक लाखापर्यंत दंड. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला. १६ एप्रिलचा निर्णय, १७ जूनचा सुधारित निर्णय आणि २९ जूनला दोन्ही मागे, वर नरेंद्र जाधवांची समिती. टीव्हीवर रोज चर्चा. मी त्या दिवसांत बदलापूर ते उल्हासनगर ये-जा करताना सहज मोजायला लागले. दुकानदार सिंधी, गिऱ्हाईक मराठी. गिऱ्हाईक तोंड उघडायचं तेच हिंदीत. ‘भैया, ये कितने का?’ दुकानदार मराठीत उत्तर द्यायला तयार आहे, त्याच्या आजीने मराठीत दूध मिळवलंय, पण आपण त्याला संधीच देत नाही. मग घरी येऊन लिहायचं, यांना मराठी येत नाही.

कपड्याच्या बाजारात मी गेले वर्षभर एक नियम पाळतेय. मराठीत सुरुवात करायची, समोरचा अडखळला तरी मराठीतच थांबायचं, आणि चूक सुधारायची नाही. दहातले सात-आठ जण पाच मिनिटांत मराठीत येतात. त्यासाठी ना कायदा लागला ना हेडसेट.

तर मग हेडसेट कशासाठी? त्याचं उत्तर मला दादींच्याच घरात मिळालं.

प्रदर्शनानंतर त्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याने हौसेने घरी एक हेडसेट आणला. रविवारी मलाही बोलावलं. सक्करजवळ सिंधूच्या पात्रात साधबेलो नावाचं बेटावरचं मंदिर आहे. तिथला चहूबाजूंनी दिसणारा एक व्हिडिओ त्याने शोधून काढला. दादींच्या डोक्यावर हेडसेट चढवला, आणि त्यांना जे दिसतंय तेच आम्हाला टीव्हीवर दिसत होतं. मला काळजी वाटत होती, चक्कर आली तर काय.

दादी मिनिटभर काही बोलल्या नाहीत. मग मान हळूहळू वळायला लागली. आणि मग सिंधी सुरू झालं. दरियाह, ॿेड़ी, पायऱ्या, पलो मासा, कुठल्या बाजूने त्यांचे वडील आणायचे, कुठे पाय घसरला होता. दहा मिनिटं एक शब्द हिंदी नाही. पणती टीव्हीला नाक लावून बोट दाखवत विचारत होती, ‘ये क्या है? वो क्या है?’ चौथ्या-पाचव्या वेळी दादी हेडसेटमधूनच म्हणाल्या, ‘सिंधीत विचार. हीउ छा आहे?’ मुलीने विचारलं, ‘हीउ छा आहे?’ आणि उत्तर मिळालं.

शिकवणारी दादी होती. शिकणारी मुलगी होती. यंत्राने फक्त दोघींना बोलायला जागा करून दिली, कारण ती जागा आता पासपोर्ट दाखवूनही त्यांना सहज मिळणार नाही.

हे काम मोठ्या प्रमाणावर झालंही आहे. २०१८ मध्ये ऑक्सफर्डमधल्या काही तरुणांनी ‘प्रोजेक्ट दास्तान’ सुरू केला. फाळणीत गाव सुटलेल्या म्हाताऱ्या माणसांना अशाच चष्म्यातून आपलं गाव, आपली गल्ली दाखवायची. त्यांचा ‘चाइल्ड ऑफ एम्पायर’ हा फाळणीवरचा अनुभवपट २०२२ च्या सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. त्यांचा हेतू भाषा शिकवण्याचा नव्हता. पण आपल्या गावात, जिथे फाळणी अजून घराघरात बसलेली आहे, तिथे हा धागा भाषेपर्यंत ओढून नेता येईल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमधल्या ज्या शाळा, संस्था आणि नगरसेवक ‘डिजिटल वर्ग’ म्हणून हेडसेट घेतायत, त्यांना तीन प्रश्न विचारूया. यात मराठी आहे का? इथल्या मुलांच्या घरची भाषा आहे का? आणि कंपनीने उद्या सेवा बंद केली तर आपल्या हातात काय उरणार?

उरणारं काहीतरी आपणच बनवू शकतो. परदेशी विमानतळाऐवजी उल्हासनगरचा बाजार, विठ्ठलवाडी स्टेशनचं तिकीटघर, अंबरनाथचं शके ९८२ मधलं शिवमंदिर, बदलापूरची भाजीमंडई. तिथे मराठीत विचारणारी खरी माणसं, खऱ्या आवाजात, आगरी मावशीसकट. आणि सिंधीसाठी बराकीतलं स्वयंपाकघर, ज्यात कुणाची तरी दादी प्रत्येक भांड्याचं नाव सांगतेय. महाविद्यालयातल्या मुलांना प्रकल्प म्हणून हे सहज जमेल. केंद्राच्या ‘भाषिणी’ या उपक्रमातही अनुसूचीतल्या सगळ्या भाषांसाठी आवाज गोळा करण्याचं काम चालू आहे. आपल्या गावातल्या आवाजांचा त्यात वाटा असायला हवा.

कॅमेरा नंतरही घेता येईल. १९४८ मध्ये दहा वर्षांची असलेली माणसं मात्र थांबणार नाहीत. आमच्या शिकवणीच्या गल्लीत तेव्हा अशा अकरा आज्या होत्या. आज दोन आहेत.

तुमच्या घरात, शेजारात असं कुणी असेल तर या रविवारी फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि समोर बसा. काय विचारायचं सुचलं नाही तर घरातली कुठलीही वस्तू उचला आणि विचारा, हीउ छा आहे?

उत्तर मिळेल. आणि काय मिळालं ते मला जरूर कळवा, मराठीत किंवा सिंधीत. चुकीचं असलं तरी चालेल, मी आता चुका काढत नाही.

ता. क. त्या विमानतळावरच्या बाईसाठी दादींकडे एक उत्तर आहे. ‘किती दिवस राहणार?’ असं तिने विचारलं तर म्हणे सांगायचं, ‘आलो तेव्हा आम्हालाही चारच दिवस वाटले होते.’